परवान्यावरचा ब्रह्मदेश

लोकमान्यांच्या मंडालेमुळे आणि १९१६ साली रत्नागिरीस नजरकैदेतच देह ठेवणाऱ्या थिबा राजामुळे ब्रह्मदेशाचे नाव मराठी घरांत परिचयाचे होते. परंतु मार्च १९६२ मध्ये जनरल ने विन यांनी लोकनियुक्त सरकार उलथून लष्करी अंमल बसविला आणि हा शेजारचा मुलूख परक्या प्रवाशाला जवळजवळ बंद झाला. आरंभी चोवीस तासांचा, पुढे सात दिवसांचा परवाना मिळे. तेवढ्या मुदतीत रंगून, मंडाले, पगान उरकावयाचे. विमानतळावर उतरताच जवळील चलनाचा दाखला लिहून द्यावा लागे, प्रत्येक विनिमयाची त्यावर नोंद होई, आणि परतताना कारकून ती ताडून पाही. इतका बंदोबस्त असताही बँकॉकहून आणलेली व्हिस्कीची बाटली आणि सिगारेटची पाकिटे टॅक्सीवालाच विकत घेई, आणि त्या ब्रह्मी क्यातांवर प्रवाशाचा आठवडा निभे; सरकारी दर किती खोटा होता याला याहून सबळ पुरावा नको. त्या खोटेपणाची किंमत मात्र रयतेने मोजली. सप्टेंबर १९८७ मध्ये २५, ३५ व ७५ क्यातांच्या नोटा भरपाईविना रद्द झाल्या, गाठीची पुंजी एका हुकमाने मातीमोल झाली, आणि पुढल्याच वर्षी देश पेटून उठला.

तो उठाव चिरडून गादीवर आलेल्या नव्या लष्करशहांना परकीय चलन हवे होते, म्हणून त्यांनी दारे किलकिली केली. आणि माझ्या मते या साऱ्या इतिहासातील सर्वांत क्लेशकारक प्रकरण बंदीचे नसून या स्वागताचे आहे. १९९० साली जुन्या पगानमध्ये देवळांच्या सावलीत नांदणारी कुटुंबे उठवून दूर उघड्या शेतांत नेऊन बसविली. १९९६ च्या पर्यटनवर्षासाठी मंडालेच्या राजवाड्याभोवतालचा खंदक उपसावयास बेड्या घातलेले कैदी जुंपले आणि नागरिकांवरही वेठ लादली. प्रवाशांनी तूर्त येऊ नये, अशी लोकशाहीवादी नेत्या आँग सान स्यू ची यांनी विनंती केली, ती या पार्श्वभूमीवर. आणि खानावळवाल्यांची व पगानच्या टांगेवाल्यांची चूल पाहुण्यांवरच पेटे हा विरुद्ध पक्षाचा मुद्दा खरा असूनही, मला ती विनंती रास्तच वाटते. २०११ मध्ये त्यांच्या पक्षाने स्वतंत्रपणे फिरणाऱ्या प्रवाशांना या म्हटले, आणि पुढील काही वर्षे देश खरोखर गजबजला.

फेब्रुवारी २०२१ मध्ये लष्कराने पुन्हा सत्ता बळकावली. मे २०२२ पासून परवाने पुन्हा मिळू लागले. त्याच काळात मंडालेपासून नदीपलीकडील सगाईंग प्रांतात तेच लष्कर गावेच्या गावे जाळीत होते.