गुडघे वाकव, तिकीट अर्धं होईल!

मे महिन्याच्या सुट्टीतली गोष्ट. नणंद मुलांना घेऊन मुंबईहून आली होती. खोपोलीच्या बाजूच्या एका थीम पार्कला जायचं हे मुलांनी आमच्या आधीच ठरवून टाकलं होतं. मोठी माणसं पाच, मुलं सहा. मुलांचे अब्बा वही घेऊन हिशेबाला बसले. तिकिटं, जाणं-येणं, दुपारचं जेवण, पाण्यात घालायच्या कपड्यांचं भाडं, लॉकर. बेरीज झाल्यावर त्यांनी वही मिटली आणि म्हणाले, "एवढ्यात आपला महिन्याचा किराणा येतो."

मग घरात सल्ल्यांचा पाऊस सुरू झाला. पार्कच्या दारात उंची मोजतात आणि ठरलेल्या रेषेच्या खाली असलेल्या मुलाला कमी दराचं तिकीट मिळतं. आमचा धाकटा दहा वर्षांचा, पण अंगानं उंच. कुणीतरी म्हणालं, "त्याला सांगा, जरा गुडघे वाकवून उभा राहा. सैल पायजमा घातला की कळत नाही." नणंदेच्या मोठ्या मुलीचं कॉलेज गेल्या वर्षीच संपलं होतं, पण ओळखपत्र अजून पाकिटात होतं. आणि शेवटचा सल्ला माझ्यासाठी होता. "भाभी, तुमच्या शाळेचं लेटरहेड आहे ना? शाळेची सहल दाखवा. सगळ्यांनाच स्वस्त पडेल."

सगळे हसले, मीही हसले. खोटं कशाला सांगू, रात्री झोपताना तो हिशेब माझ्याही डोक्यात फिरत होता. शिक्षिकेच्या पगारात अकरा माणसांची सहल ही काही लहान गोष्ट नाही.

सकाळी उठून पाहते तर धाकटा कपाटाच्या आरशासमोर उभा. गुडघे थोडे वाकवलेले, मान आत ओढलेली. मला पाहून म्हणाला, "अम्मी, एवढं वाकलं की पुरे?"

रोज सकाळी परिपाठाला शंभर मुलांना मी "ताठ उभे राहा" म्हणून सांगते. त्या क्षणी मला काही बोलायला सुचलं नाही.

मूल काय शिकतं?

अबू दाऊदच्या हदीस-संग्रहात एक प्रसंग आहे. एका आईनं आपल्या लहान मुलाला काहीतरी देते म्हणून जवळ बोलावलं. पैगंबर मुहम्मद (स.) तिथे होते. त्यांनी विचारलं की, तू त्याला काय देणार आहेस? ती म्हणाली, खजूर. तेव्हा त्यांनी समजावलं की, काही दिलं नसतंस तर तुझ्या नावावर एक खोटं लिहिलं गेलं असतं. मुलाला नुसतं जवळ बोलावण्यासाठी केलेली थापही जिथे मोजली जाते, तिथे मुलाच्याच अंगाकडून खोटं बोलवून घेणं कुठल्या हिशेबात बसेल?

आपण म्हणतो, "पार्कवाले बक्कळ कमावतात, आपल्या साडेतीनशे रुपयांनी त्यांचं काय बिघडतं?" पण सूरह मुतफ्फिफीनमध्ये ज्यांची निंदा आहे ते लोक आठवा. घेताना पुरेपूर मापून घेणारे आणि देताना माप मारणारे. त्या आयतींमध्ये समोरचा गरीब की श्रीमंत, असा फरक केलेला नाही. आपलं माप खरं आहे का, एवढाच प्रश्न आहे. तिकीट हाही एक करार आहे. अटी मान्य नसतील तर न जाण्याचं स्वातंत्र्य आपल्याला आहे. अटी मान्य करून आत जायचं आणि त्या गुपचूप मोडायच्या, याचं स्वातंत्र्य मात्र नाही.

आणि हा हक्क माणसांचा आहे, ज्याला आपण हुकूकुल इबाद म्हणतो. अशा बाबतीत नुसती तोबा पुरत नाही, ज्याचं त्याला परत करावं लागतं, असं उलेमा सांगतात. मागे कधी असं घडलं असेल तर आपल्या इमामसाहेबांना विचारून मार्ग काढावा.

सवलत आणि लबाडी

याचा अर्थ पूर्ण दरानं तिकीट काढून खिसा रिकामा करावा असा नाही. उधळपट्टीही आपल्या दीनमध्ये नापसंत आहे. सवलत घेणं हा आपला हक्क आहे आणि सवलत मागायला लाजू नये. मी स्वतःपुरती एक साधी कसोटी ठरवली आहे: तिकीट खिडकीवरच्या माणसाला जे मोकळेपणानं सांगता येतं ते बचत, आणि जे त्याच्यापासून लपवावं लागतं ते लबाडी.

या कसोटीनं आम्ही वही पुन्हा उघडली.

पहिलं, वार. शनिवार-रविवारपेक्षा मधल्या वारी तिकीट बहुतेक ठिकाणी स्वस्त असतं आणि गर्दीही कमी. शुक्रवार आम्ही जुम्यासाठी सोडला आणि मंगळवार धरला. ऑनलाइन आधी काढलेलं तिकीट खिडकीपेक्षा कमी दरात मिळतं का, तेही पाहावं.

दुसरं, फोन. मी पार्कमध्ये फोन करून सरळ विचारलं, "आम्ही एकाच कुटुंबातले अकराजण आहोत, काही सवलत आहे का?" जेवणासकट पॅकेज मिळालं. शाळेच्या सहलीइतकं स्वस्त नव्हतं, पण सुट्या तिकिटांपेक्षा बरंच बरं पडलं. त्याच फोनवर पूर्ण अंग झाकणारा पोहण्याचा पोशाख चालतो का, जेवण हलाल आहे का आणि जोहरची नमाज कुठे पढता येईल, हेही विचारून घेतलं. वॉटर पार्कमध्ये सुती कपडे बहुधा चालत नाहीत, नायलॉनचे लागतात. ते घरून नेले तर भाडं वाचतं.

तिसरं, प्रवास. 17 मार्च 2023 पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे. 75 वर्षांवरील ज्येष्ठांना 2022 पासून मोफत प्रवास आहे, फक्त ओळखपत्र जवळ हवं. 5 ते 12 वर्षांच्या मुलांना अर्धं तिकीट. आमच्या दादी 77 वर्षांच्या, आम्ही बाकी बहुतेक बायका आणि मुलं. खासगी गाडी ठरवण्यापेक्षा एसटी कितीतरी स्वस्त पडली. मुंबईकरांसाठी मध्य रेल्वेची लोकल थेट खोपोलीपर्यंत जाते. लांबच्या गाडीत 5 ते 12 वर्षांच्या मुलाला वेगळा बर्थ नको असेल तर अर्धं भाडं, बर्थ हवा असेल तर पूर्ण, असा नियम 2016 पासून आहे.

डब्याचा प्रश्न जरा अवघड. बाहेरचं खाणं आणू नका असा नियम असतो आणि आतले दर पाहून राग येतो. सिनेमागृहांच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी 2023 मध्ये सांगितलं की, बाहेरचं खाणं आणू न देण्याचा अधिकार मालकाला आहे. मात्र पिण्याचं पाणी मोफत मिळालं पाहिजे आणि तान्ह्या बाळाचं खाणं आणू दिलं पाहिजे. तो निकाल सिनेमागृहांचा असला तरी त्यातला न्याय समजण्यासारखा आहे. म्हणून बुरख्याखाली समोसे लपवून नेण्याऐवजी आम्ही सकाळी बाहेरच दस्तरखान पसरून पोटभर नाश्ता केला. दादींना मधुमेह आहे. त्यांच्या डब्याबद्दल दारात सांगितलं, तर तिथल्या मुलीनं तो लगेच आत नेऊ दिला.

उंचीचा नियम पैशांपुरता नसतो

काही आई-बाप उलटही करतात. मुलाला मोठ्या झुल्यात बसता यावं म्हणून टाचा उंच करायला किंवा बुटात कापडाचे बोळे घालायला सांगतात. झुल्याचा पट्टा आणि दांडा ठरावीक अंगालाच नीट बसतो. 2022 च्या मार्चमध्ये अमेरिकेत ऑरलँडोच्या एका उंच झुल्यावरून 14 वर्षांचा मुलगा पडून मरण पावला. चौकशीत दिसलं की, त्याच्या आसनाच्या सेन्सरमध्ये हातानं फेरफार करून नेहमीपेक्षा जास्त फट चालवून घेतली होती. तिथे नियम चालवणाऱ्यांनीच वाकवला होता. आपण आपल्या मुलासाठी तो वाकवू नये.

वाकवलेल्या नियमाचं ओझं अनेकदा तिसऱ्याच्याच डोक्यावर येतं. अमेरिकेतल्या डिस्ने पार्कमध्ये अपंगांना रांगेत ताटकळावं लागू नये अशी सोय होती. काही श्रीमंत कुटुंबं पैसे देऊन अपंग माणसांना सोबत नेतात आणि रांग चुकवतात, अशा बातम्या 2013 मध्ये आल्या. त्याच वर्षी डिस्नेनं ती पद्धत बदलून परत येण्याची वेळ देणं सुरू केलं. खरी गरज असलेल्या मुलांच्या आई-बापांना त्याचा जाच झाला. आपल्याकडे शाळेच्या नावानं खोट्या सहली निघू लागल्या, तर उद्या खऱ्या गरीब शाळेलाच दहा कागद मागतील. म्हणून लेटरहेड माझ्या कपाटातच राहिलं. ती शाळेची अमानत आहे, माझी नाही.

दारातली पट्टी

मंगळवारी आम्ही पोहोचलो. धाकटा पट्टीपाशी गेला, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि ताठ उभा राहिला. रेषेच्या वर इंचभर. पूर्ण तिकीट लागलं. भाचीनंही ओळखपत्र न काढता पूर्ण तिकीट घेतलं, पण दिवसभर माझ्याशी जेमतेम बोलली. नणंद म्हणाली, "भाभी, तुमची तत्त्वं महाग पडतात." खोटं नव्हतं तिचं. त्या महिन्यात मी पडद्यांचं कापड घ्यायचं ठरवलं होतं, ते पुढे ढकललं.

संध्याकाळी परतताना एसटीत पोरं दमून एकमेकांच्या खांद्यावर झोपली होती. कंडक्टर आला, धाकट्याकडे बघून म्हणाला, "हा बारा वर्षांचा तर असेल." मी काही बोलायच्या आत धाकट्यानं डोळे उघडले आणि म्हणाला, "नाही काका, दहा पूर्ण. शाळेचं ओळखपत्र दाखवू?"

कंडक्टर हसला आणि अर्धं तिकीट फाडून दिलं. बारा पूर्ण व्हायला अजून दोन वर्षं आहेत. तोवर ते अर्धं तिकीट आमच्या हक्काचं आहे, आणि ते आम्ही अगदी ताठ मानेनं घेणार आहोत, इन्शाअल्लाह.