नावांचे दप्तर

सोलापूरच्या जिल्हाधिकारी कचेरीचे संकेतस्थळ 'सोलापूर डॉट गव्ह डॉट इन' या नावाने उघडते. हे नाव आपण डावीकडून उजवीकडे वाचतो. परंतु ज्या यंत्रांना ते हुडकून काढावयाचे असते ती त्याचा शोध उलट्या दिशेने घेतात, आणि त्या शोधाचा आरंभ 'इन'पासूनही होत नाही, तर त्याच्याही उजवीकडे असलेल्या, सहसा कोणी लिहीत नाही अशा एका टिंबापासून होतो. ते टिंब म्हणजे साऱ्या जगाच्या नावांची मूळ यादी. त्या यादीत 'इन'चे दप्तर कोठे आहे ते लिहिलेले असते, 'इन'च्या दप्तरात 'गव्ह'चे ठिकाण, आणि राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या ताब्यातील 'गव्ह'च्या दप्तरात सोलापूरचे. वरच्या यादीतील एक ओळ पुसली गेली तर कचेरी, कारकून आणि कपाटातील कागद जागच्या जागी राहूनही हे संकेतस्थळ थोड्याच अवधीत कोणास सापडेनासे होईल.

पूर्वी गावचे दप्तर कुळकर्ण्याकडे असे. जमीन त्याच्या मालकीची नसे. पण कोणती जमीन कोणाची, याचा दाखला त्याच्याच लेखणीतून उतरे, आणि त्यामुळे मालकापेक्षा नोंद ठेवणाराचाच वचक अधिक असे. ती वतने मुंबई सरकारने १९५१ साली खालसा केली. नावांच्या नव्या दप्तराचा वतनदार कोण, हे मात्र एका वाक्यात सांगता येत नाही, कारण येथे मालकी, देखरेख आणि प्रत्यक्ष लेखणी या तीन गोष्टी तीन निरनिराळ्या हातांत विभागलेल्या आहेत.

प्रारंभी मूळ यादी कॅलिफोर्नियातील जॉन पोस्टेल या एका संगणकशास्त्रज्ञाच्या सांभाळात होती. कोणता प्रदेश हा देश आणि कोणता नव्हे, हे ठरविण्याचे लचांड आपल्या गळ्यात पडू नये म्हणून त्याने आंतरराष्ट्रीय मानक संघटनेची, आयएसओ ३१६६ या क्रमांकाने ओळखली जाणारी, दोन अक्षरी संकेतांची तयार यादीच स्वीकारली. भारतास 'इन' मिळाले ते त्या यादीमुळे. पुढे १९९४ च्या मार्चमध्ये पोस्टेलने एक टिपण प्रसिद्ध केले. देशाच्या नावाचा कारभार पाहणारा हा त्या देशातील जनतेचा आणि जागतिक जाळ्याचा विश्वस्त असून त्याने हक्काची व मालकीची भाषा न बोलता जबाबदारीची व सेवेची बोलावी, असा त्याचा आशय होता. इतका सात्त्विक दस्तऐवज राज्यकारभाराच्या इतिहासात विरळाच. आणि सात्त्विक दस्तऐवजांचे जे होते तेच त्याचेही पुढे झाले.

'इन'ची नोंद मूळ यादीत ८ मे १९८९ रोजी झाली, आणि तिचा कारभार आला तो दिल्लीच्या कोणत्याही मंत्रालयाकडे नव्हे, तर मुंबईत जुहू येथे असलेल्या नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी या संस्थेकडे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या कुशीत वाढलेले हे केंद्र १९८५ च्या सुमारास स्वतंत्र झाले होते, डॉ. श्रीनिवासन रमाणी त्याचे संचालक होते, आणि देशातील शिक्षणसंस्थांना जोडणाऱ्या 'अर्नेट' या जाळ्यातील ते एक प्रमुख ठाणे होते. देशाचे नाव ताब्यात घेण्यासाठी संसदेने कायदा केला नाही, की कोणती सनद निघाली नाही. ज्यांना ते यंत्र चालविता येत होते त्यांच्याकडे ते आले, इतकेच. सामान्य नागरिकास इंटरनेट मिळू लागले ते विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सेवा खुली केल्यावर, म्हणजे नाव नोंदले गेल्यानंतर सहा वर्षांनी.

विद्वानांच्या हातातील हे दप्तर स्वच्छ होते, पण कृपणही होते. १९९२ ते २००४ या काळात त्यात अवघी सुमारे ७,००० नावे चढली. २००३ साली जुहूचे केंद्र सी-डॅकमध्ये विलीन झाले, त्याच वर्षी 'निक्सी', म्हणजे नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया, ही ना-नफा कंपनी सरकारी पुढाकाराने स्थापन झाली, आणि २००५ च्या आरंभी 'इन'चा कारभार तिच्याकडे येऊन दरवाजे सर्वांना उघडले गेले. प्रथम व्यापारचिन्हांच्या धारकांना थोडी मुदत, आणि त्यानंतर जो आधी येईल त्याला नाव. २०१० पर्यंत नावांची संख्या सहा लाखांवर पोहोचली.

सोलापूरच्या माणसाला येथे थांबून विचार करण्यासारखी एक गोष्ट आहे. याच सुमारास सोलापुरी चादरीस भौगोलिक उपदर्शनाची नोंद मिळाली. ती नोंदवही चेन्नईस असते, तिच्यामागे १९९९ चा कायदा उभा आहे, आणि माल कोठे व कसा विणला जातो याची छाननी झाल्यावाचून तीत नाव चढत नाही. नावांच्या दप्तरात अशी चौकशी नाही. अर्जदाराच्या घरी माग आहे की नाही, त्याने अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहत कधी पाहिली आहे की नाही, हे त्यास कोणी विचारीत नाही. फी भरली की वर्षापुरते नाव त्याचे. तंटा उपस्थित झाल्यास निक्सी लवाद नेमते, आणि नाव सारखे आहे, प्रतिपक्षास त्यावर रास्त हक्क नाही व त्याचा हेतू दुष्ट आहे, हे तक्रारदाराने शाबीत करावयाचे असते. दहा मागांच्या कारखानदाराने या भानगडीत पडावे अशी अपेक्षा करणे हे मला तरी व्यवहार्य वाटत नाही.

आता लेखणीविषयी. निक्सी ही दप्तराची कारभारी असली तरी नोंदी ठेवणारी यंत्रणा तिने आरंभापासून मक्त्यानेच दिलेली आहे. पहिला मक्ता आयर्लंडमध्ये नोंदलेल्या ॲफिलियास कंपनीचा. २०१९ पासून अमेरिकेच्या न्यूस्टारचा. न्यूस्टारचा तो विभाग २०२० मध्ये गोडॅडीने विकत घेतल्यामुळे मक्ताही आपसूक तिकडे गेला. आणि २०२५ मध्ये तो कॅनडाच्या टुकाऊज कंपनीकडे आला. मधल्या पालटात भारत सरकारने नवा मक्तेदार निवडला नव्हता, जुना मक्तेदारच विकला गेला होता, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

याहून वरचा प्रश्न मूळ यादीचा. १९९८ पासून ती 'आयकॅन' या कॅलिफोर्नियातील संस्थेच्या देखरेखीखाली आहे, आणि तिच्यावरील अमेरिकी वाणिज्य खात्याचा अखेरचा शब्द १ ऑक्टोबर २०१६ रोजी संपुष्टात आला. हा कारभार संयुक्त राष्ट्रसंघाच्या छत्राखाली पन्नास सरकारांच्या समितीकडे असावा, असा प्रस्ताव भारताने २०११ मध्ये मांडला होता. २०१५ मध्ये भारतानेच सरकार, उद्योग, विद्वान व नागरिक यांच्या संयुक्त कारभारास पाठिंबा जाहीर केला. या पालटाबद्दल दिल्लीस दोष देण्यापूर्वी इतर देशांचे अनुभव पाहावेत. इराकचे 'आयक्यू' टेक्सासमधील एका कंपनीकडे होते. तिचे चालक २००२ मध्ये अमेरिकी आरोपांखाली अटकेत गेले, आणि ते नाव इराकी शासनसंस्थेच्या हाती येण्यास २००५ उजाडले. दक्षिण आफ्रिकेत याउलट घडले. सरकार कायद्याने दप्तर ताब्यात घेऊ पाहते असे दिसताच माइक लॉरी या जुन्या कारभाऱ्याने २००२ मध्ये त्याची मूळ प्रत देशाबाहेर हलविली. आणि २०१४ मध्ये तर अमेरिकेतील दावेदारांनी, इराणविरुद्धच्या हुकूमनाम्यांची वसुली म्हणून, 'आयआर' हे नावच जप्त करावे अशी मागणी केली. कनिष्ठ न्यायालयाने ती त्याच वर्षी फेटाळली. २०१६ मध्ये वरिष्ठ न्यायालयाने असे म्हटले की ही मालमत्ता आहे असे क्षणभर गृहीत धरले तरी त्रयस्थांचे नुकसान पाहता जप्ती देता येत नाही. मालमत्ता आहे की नाही, हे ठरविण्याचे मात्र त्याने टाळले.

असल्या दूरच्या खटल्यांचा आपल्याशी काय संबंध, असे म्हणणाऱ्याने सोलापुरातील कोणत्याही नागरी सहकारी बँकेचा बदललेला पत्ता पाहावा. खोट्या नावांनी ठेवीदारांची फसवणूक होऊ नये म्हणून रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये सर्व बँकांना ३१ ऑक्टोबरपर्यंत 'बँक डॉट इन' या शाखेत येण्याचा हुकूम दिला, आणि त्या शाखेची नोंदणी हैदराबादच्या बँकिंग तंत्रज्ञान संस्थेकडे सोपविली. येथे आधी येईल त्याला नाव नाही. बँक असल्याचा परवाना पाहूनच नाव मिळते. चादरीस जी छाननी लाभली नाही ती ठेवींना लाभली.

देवनागरीतील 'डॉट भारत' २७ ऑगस्ट २०१४ रोजी खुले झाले, तेव्हा त्यात मराठीचाही समावेश होता. आमच्या गावात मात्र पूर्वभागातील पद्मशाली तेलुगू लिहितात, अक्कलकोटकडचे कन्नड, आणि अनेक मोहल्ल्यांत उर्दू चालते. तेलुगू व उर्दू लिपीतील 'भारत' पहिल्या तुकडीतच मूळ यादीत चढले, कन्नडची पाळी पुढे काही वर्षांनी आली. म्हणजे एकाच चादरीच्या दुकानाने आपले नाव गावच्या चारही लिप्यांत लावावयाचे ठरविले, तर त्यास चार निरनिराळ्या फांद्यांवर चार नोंदी कराव्या लागतील आणि त्या सर्वांची फी दर वर्षी निक्सीकडेच पोहोचेल. अशी पाटी मी अद्याप नवी पेठेत पाहिलेली नाही. तेथील दुकानदारांनी आपापले फोन क्रमांक ठळक अंकांत रंगविले आहेत.