दीर्घ धावेच्या पूर्वतयारीत शर्यतींचे स्थान

दक्षिण आफ्रिकेतील डर्बन व पीटरमारिट्झबर्ग ह्या शहरांदरम्यान १९२१ पासून धावली जाणारी ‘कॉम्रेड्स’ शर्यत सुमारे ८७ ते ९० किलोमीटरची, म्हणजे मॅरेथॉनच्या दुपटीहून अधिक अंतराची आहे. सरावात एवढे अंतर वारंवार धावणे शरीरास परवडणारे नसते. तेव्हा त्याची उणीव लहान शर्यतींनी भरून काढावी काय, आणि काढावयाची झाल्यास कितपत, हा प्रश्न साहजिकच उपस्थित होतो.

ह्या बाबतीत आर्थर न्यूटन ह्याचे मत प्रतिकूल होते. नाताळ प्रांतातील हा शेतकरी १९२२ ते १९२५ अशी चार वर्षे सलग व पुन्हा १९२७ मध्ये कॉम्रेड्स जिंकला. रोज पुष्कळ अंतर, पण सावकाश धावावे आणि सरावाच्या काळात चुरशीने धावण्याचा मोह टाळावा, असा त्याचा आग्रह असे. उलटपक्षी, केप टाउनची ५६ किलोमीटरची ‘टू ओशन्स’ शर्यत १९७० मध्ये सुरू झाली तीच मुळी कॉम्रेड्सची पूर्वतयारी म्हणून. १९८९ मध्ये फ्रिथ व्हान डर मर्व्ह हिने ही शर्यत ३ तास ३० मिनिटे ३६ सेकंदांत आणि त्यानंतर सुमारे दोन महिन्यांनी कॉम्रेड्स ५ तास ५४ मिनिटे ४३ सेकंदांत पुरी केली. दोन्ही वेळा स्त्रियांच्या विक्रमाच्या होत्या व तीन दशकांहून अधिक काळ टिकल्या. तथापि असामान्य व्यक्तीच्या उदाहरणावरून सर्वसामान्य नियम काढणे धोक्याचे असते. त्यासाठी स्नायूंत काय घडते हेच पाहिले पाहिजे.

दीर्घ धावेत दोन निरनिराळ्या प्रकारची झीज होते. पहिली इंधनाची. स्नायूंत व यकृतात साठविलेले ग्लायकोजेन खर्ची पडते. परंतु पुरेसा पिष्टमय आहार मिळाल्यास ते एकदोन दिवसांत बहुतांशी भरून येते. दुसरी झीज रचनेची. उतारावर पाऊल टेकताना मांडीचा पुढचा स्नायू आकुंचन पावत असतानाच ताणला जातो व त्यामुळे त्याचे तंतू सूक्ष्म प्रमाणात फाटतात. ही हानी भरून येण्यास आठवडे लागतात, आणि दुखावलेल्या स्नायूत ग्लायकोजेनचा संचयही मंदावतो. वेदना मात्र बहुधा आठवड्याच्या आतच शमते, आणि धावपटूची फसगत होते ती नेमकी येथे. दुखणे थांबले म्हणजे दुरुस्ती पुरी झाली असे समजून तो पुढल्या रविवारी पुन्हा आरंभरेषेवर उभा राहतो.

ह्याच प्रक्रियेची दुसरी बाजूही आहे. एकदा अशी इजा सोसून सावरलेला स्नायू तशाच श्रमाने पुन्हा तितकासा दुखावत नाही, व हे संरक्षण काही आठवडे टिकते. शिवाय धावता धावता अन्न पचविण्याची पोटाची सवय आणि दमलेल्या पायांनी वेग राखण्याची जाण ह्या गोष्टी शर्यतीच्या वातावरणात जितक्या चांगल्या साधतात, तितक्या एकट्याच्या सरावात क्वचितच साधतात.

म्हणून खरा भेद शर्यतींच्या संख्येचा नसून त्या कोणत्या जोमाने धावल्या जातात ह्याचा आहे. सर्व शक्ती पणास लावून धावलेली मॅरेथॉन पुढील कित्येक दिवसांचा सराव गिळून टाकते. तेच अंतर कॉम्रेड्सच्या नियोजित गतीने धावल्यास ती केवळ एक दीर्घ धाव ठरते. पाणी आयते मिळते, सोबतही लाभते. न्यूटनचा आक्षेप पहिल्या प्रकारास लागू पडतो, दुसऱ्यास फारसा नाही.

कॉम्रेड्सच्या प्रवेशासाठी किमान मॅरेथॉनच्या अंतराची एक शर्यत ठराविक वेळेत पुरी करावी लागते. मुंबईची मॅरेथॉन जानेवारीत होते आणि कॉम्रेड्स अलीकडे बहुधा जूनमध्ये. त्यामुळे महाराष्ट्रातून जाणाऱ्या धावपटूने पात्रतेसाठी जानेवारीत जोर लावला, तरी सावरण्यास त्याला पुरेसा अवधी मिळतो. त्यानंतरच्या शर्यती त्याने मंद गतीनेच धावावयास हव्यात. हे सांगणे सोपे आहे. छातीवर क्रमांक लागल्यावर आणि शेजारचा पुढे निघून जाताना दिसल्यावर ते पाळणे अनुभवी धावपटूंनाही जड जाते. ज्याला ते जमत नाही, त्याने एप्रिल-मेमधील मॅरेथॉनऐवजी तेवढेच अंतर आपल्या नेहमीच्या रस्त्यावर, घड्याळ न पाहता धावणे अधिक हिताचे.