रस्त्यावरची काळी साल

पुण्याहून कऱ्हाडकडे निघालं की रस्त्याच्या कडेला दोन-चार तरी दिसतातच. झाडाची साल सोलून टाकावी तशा पडलेल्या, कडा फाटलेल्या रबराच्या काळ्या पट्ट्या. गाडीतलं कुणी तरी हमखास म्हणतं, "रिमोल्डचा टायर! हे ट्रकवाले चार पैसे वाचवतात आणि लोकांचे जीव घेतात." गेल्या दिवाळीत हे वाक्य माझ्या मुलीच्या तोंडून आलं आणि पुढच्या सीटवर बसलेले माझे मामा खिडकीबाहेर बघत राहिले. सातारा येईपर्यंत बोलले नाहीत.

मामांचे दोन ट्रक होते. कोल्हापूरचा गूळ वाशीच्या बाजारात पोचवायचा आणि येताना मिळेल तो माल भरायचा, असा धंदा. १९९४ च्या उन्हाळ्यात बारावीची परीक्षा संपली म्हणून बक्षीस काय, तर केबिनमध्ये बसून मुंबईची सफर! ड्रायव्हर होते आण्णा. वीस वर्षं स्टिअरिंगवर काढलेला माणूस.

निघायच्या आदल्या रात्री पुढचा डावा टायर बसला. पंक्चर काढण्यापलीकडे गेला होता. स्टेपनीला होता तो रिमोल्ड केलेला टायर. वरून नक्षी अगदी कोरी करकरीत, पण आतून बगलेला तळहाताएवढा पॅच. आण्णा म्हणाले, "मालक, ह्यो पुढं नको. मागं जोडीत चालंल." मामा म्हणाले, "एवढी खेप मारून या. आल्यावर नवा घेऊ." मी कंदील धरून शेजारीच उभा होतो.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी, भुईंजच्या अलीकडे, तो टायर फुटला. सुतळी बॉम्बसारखा आवाज झाला एवढंच आठवतं. पुढचं चाक गेलं की स्टिअरिंग माणसाच्या हातात राहत नाही. गाडी डावीकडे खेचली गेली, रस्ता सोडून खाली उतरली आणि तिची उजवी बाजू वडाच्या झाडावर आदळली. मला कपाळाला तीन टाके पडले. आण्णांचा उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

तेव्हापासून आमच्या घरात एकच वाक्य रूढ झालं, "रिमोल्डनं घात केला." मीही तेच सांगत आलो. मुलीनं ते माझ्याकडूनच उचललं असणार.

त्या दिवाळीनंतर मात्र मला राहवलं नाही. कऱ्हाडजवळच्या एका रिमोल्डिंगच्या कारखान्यात जाऊन अख्खा दिवस बसलो. कारखाना कसला, पत्र्याची मोठी शेड. तापलेल्या रबराचा वास असा, की घरी आल्यावर सदरा दोनदा धुवावा लागला. मालक साठीचे, बोलायला मोकळे. त्यांनी पहिली गोष्ट दाखवली ती यंत्र नव्हे, तर कोपऱ्यातला ढीग. "हे परत पाठवायचे टायर. आमचा खरा धंदा म्हणजे 'नाही' म्हणणं."

टायर आला की आधी त्याचं केसिंग, म्हणजे जुना सांगाडा, उजेडात धरून आतून-बाहेरून तपासतात. कारागीर बोटांनी चाचपतो. कुठे फुगवटा आहे का, तार उघडी पडली आहे का, हवा कमी असताना पळवल्यानं आतलं रबर चुरलं आहे का. त्यातून पास झालेल्या टायरची झिजलेली नक्षी यंत्रावर घासून काढतात, जखमा साफ करून भरतात, सोल्युशन लावतात. मग कच्च्या रबराचा पातळ थर आणि त्यावर तयार नक्षीची पट्टी. शेवटी बंद टाकीत दाबाखाली शंभराहून अधिक अंशांवर काही तास शिजवतात. नव्या टायरच्या निम्म्याहूनही कमी पैशांत टायर पुन्हा रस्त्यावर. काम नीट झालं तर तो जोड सहसा सुटत नाही.

मग आपण ज्याला नावं ठेवतो तो टायर नक्की कुठे कुठे फिरतो? आपल्या एसटी महामंडळाचे टायर पुनःस्तरणाचे स्वतःचे कारखाने आहेत. विमानाचे टायरसुद्धा पुन्हा पुन्हा रिट्रेड होतात. आपण डोळे मिटून ज्याच्यावर उतरतो, त्या चाकाचं रबर दुसऱ्या-तिसऱ्या जन्मातलं असू शकतं! अमेरिकेत मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी तिथल्या महामार्ग सुरक्षा खात्यासाठी केलेला अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. रस्त्यावरून गोळा केलेले सुमारे दीड हजार तुकडे आणि टायर त्यांनी तपासले. रस्त्यावर रिट्रेड टायर ज्या प्रमाणात धावतात, साधारण त्याच प्रमाणात त्यांचे तुकडे सापडले; म्हणजे नवे टायरही तसेच फाटत होते. कारणं बहुतांशी रस्त्यावरच्या वस्तूंचा मार आणि देखभालीतली हयगय.

हवा कमी असली की टायरची बगल प्रत्येक फेऱ्याला जास्त वाकते, त्यातून उष्णता वाढते आणि रबर आतल्या तारांना सोडू लागतं. वर ओव्हरलोड आणि मे महिन्यातलं ऊन. त्यात नवा-जुना भेद राहत नाही. मागच्या जोडचाकातला आतला टायर तर कुणाला दिसतच नाही. तो बसला की त्याचं ओझं शेजारच्यावर येतं, आणि दोष लागतो त्या बिचाऱ्या शेजाऱ्याला. पूर्वी क्लीनर प्रत्येक थांब्यावर टॉमीनं टायर ठोकून आवाज ऐकत. आता बऱ्याच गाड्यांवर क्लीनरच नसतो.

पण म्हणून रिमोल्डला निर्दोष सोडायला मी तयार नाही. आपल्या नियमानं ट्रकच्या टायरची नक्षी १.६ मिलिमीटरपेक्षा कमी चालत नाही. रिमोल्ड टायर ही परीक्षा पहिल्या नंबरानं पास होतो, कारण नक्षी नवीच असते. वय असतं ते आतल्या सांगाड्याचं. ते रस्त्यावर उभ्या असलेल्या अधिकाऱ्याला दिसत नाही, लावणाऱ्याला मात्र ठाऊक असतं. मागच्या जोडीत एक टायर गेला तर दुसरा गाडी थांबेपर्यंत बहुधा तोलून धरतो. पुढे एका बाजूला एकच चाक. अमेरिकेत बसच्या पुढच्या चाकांना रिट्रेड टायर लावायला कायद्यानंच मनाई आहे. आण्णांना हा कायदा ठाऊक असायचं कारण नव्हतं. त्यांना एवढंच ठाऊक होतं की ह्यो पुढं नको.

घरी आल्यावर मामांना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. म्हणाले, "टायर साडेचार हजारांचा होता रे तेव्हा. गुळाची पट्टी यायची होती." मग थोड्या वेळानं, "आण्णांनी मला कधीच तोंडावर म्हटलं नाही." आण्णा २०११ साली गेले. तोवर मामा दर महिन्याला त्यांच्या घरी पैसे देऊन येत. ते कशाचे, हे आम्ही कुणी विचारलं नव्हतं.

कारखान्यातून निघताना एक ट्रकवाला चार टायर न्यायला आला होता. मालकांनी त्यातल्या प्रत्येकाच्या बगलेवर पिवळ्या खडूनं ठळक लिहिलं, 'मागे'. मी म्हटलं, "खडू पुसला जाईल की." ते म्हणाले, "आधी रंगानं लिहायचो. लोक खरडून काढायचे, त्यात बगलेला चरे जायचे. खडूच बरा."