शास्त्रवाचन ते कीर्तन : रेव्हरंड ना. वा. टिळकांच्या आध्यात्मिक समाधानाचा विचार

नांदेड-लातूरकडील आपल्या वर्गांत रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१-१९१९) यांचा परिचय बहुधा 'फुलामुलांचे कवी' एवढाच होतो. त्यांच्या ख्रिस्ती भजनांकडे वळताना अध्यापक अवघडतो. प्रस्तुत लेखकही त्यास अपवाद नव्हता. 'धर्मांतर' हा शब्द उच्चारताच चर्चा वादाकडे वळते आणि या माणसाला त्या ग्रंथात नेमके काय लाभले, हा मूळ प्रश्न बाजूला पडतो.

टिळकांची नव्या कराराशी खरी भेट झाली ती वाचनातून. राजनांदगावच्या रेल्वेप्रवासात एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना त्याची प्रत दिली. मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनापाशी (अध्याय ५ ते ७) ते आले आणि तेथेच गुंतले. या अध्यायांत क्षमा, शत्रूवरही प्रेम, गुप्त दान आणि अंतःकरणाची शुद्धता यांचा आग्रह आहे. कर्मकांडाच्या प्रदर्शनाला तेथे स्थान नाही. अभंगवाणीवर पोसलेल्या मनाला ही भाषा परकी वाटण्याचे कारण नव्हते. तुकोबांच्या सेतूवरूनच आपण ख्रिस्तापाशी आलो, असे टिळक मानीत. अर्थात या समाधानाचे मोल मोठे होते. १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि त्यानंतर काही वर्षे लक्ष्मीबाई त्यांच्यापासून दूर राहिल्या. 'स्मृतिचित्रे' वाचणाऱ्यास ते दिवस निराळे सांगावे लागत नाहीत.

वाचनातून एकट्याला लाभलेले हे समाधान समुदायापर्यंत न्यायचे कसे? मराठी चर्चमध्ये तेव्हा पाश्चात्य चालींवर बेतलेली भाषांतरित गीते पुष्कळ होती. ती कानाला मराठी लागत नसत. टिळकांनी अभंग, ओवी आणि पदे रचली, तसेच कीर्तनाचा आश्रय घेतला. ख्रिस्ती कीर्तनाची प्रथा अहमदनगरकडे त्यांच्यापूर्वीच रुजली होती. कीर्तनाच्या पूर्वरंगात तत्त्वनिरूपण आणि उत्तररंगात आख्यान असते. या घडणीत उधळ्या पुत्राचा दृष्टान्त सहज बसतो. व्यासपीठावरील उपदेशात श्रोता केवळ ऐकतो. कीर्तनात तो टाळी धरतो, पालुपद म्हणतो, मधूनच डोळेही पुसतो. नामदेवांची नर्सी आणि जनाबाईंचे गंगाखेड ज्यांच्या शेजारी आहे, त्या मराठवाड्यातील वाचकास हा फरक समजावून देण्याची गरज नाही. शास्त्रवचन त्याच्या मुखातून पुन्हा उमटते तेव्हाच ते त्याचे होते, असे आम्हांस वाटते.

तथापि हे समाधान संस्थेच्या चौकटीत मावले नाही, ही बाब विशेष लक्षणीय आहे. १९१७ साली टिळकांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' हा बंधुसंघ आरंभिला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले, अशा दोघांनाही त्यात स्थान होते. ९ मे १९१९ रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हा 'ख्रिस्तायन' अपुरे होते. ते पुढे लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले.