टॉमकॅटचं मॅनेजर पान उघडत नाही? आधी ब्राउझर काय म्हणतोय ते वाचा

बिलिंगचं सॉफ्टवेअर टॉमकॅटवर चालतंय, त्याची नवी आवृत्ती चढवायची आहे आणि नेमकं मॅनेजर पान उघडत नाहीये. अशा वेळी लगेच सगळं काढून पुन्हा इन्स्टॉल करायला बसू नका. घाईत चुकीचा फोल्डर उडाला, तर काउंटर बंद पडेल. ब्राउझर नकार कसा देतो, त्यातच अर्धं उत्तर असतं.

पान लोडच होत नाही. टॉमकॅट सुरू आहे का ते बघा. त्याचा नेहमीचा पोर्ट ८०८०. तो दुसऱ्या प्रोग्रॅमने अडवला असेल, तर लॉग्ज फोल्डरमध्ये तशी नोंद सापडेल. सर्व्हरवर पान उघडतं पण शेजारच्या कॉम्प्युटरवर नाही, तर फायरवॉल तपासा.

४०४ दिसतंय. टॉमकॅट चालू आहे, पण त्या पत्त्यावर मॅनेजर नाही. पत्ता नीट टाइप केलाय ना? उबुंटूवर मॅनेजर वेगळ्या ॲडमिन पॅकेजमध्ये येतो, तो टाकायचा राहिला असेल.

४०१ दिसतंय. युजर किंवा पासवर्ड जुळत नाही. टॉमकॅट सुरुवातीला कुणालाच मॅनेजरची परवानगी देत नाही. कॉन्फ फोल्डरमधल्या टॉमकॅट-युजर्स फाईलमध्ये युजर लिहून त्याला 'मॅनेजर-जीयूआय' हा रोल द्यावा लागतो. तिथल्या नमुन्याच्या ओळी कॉमेंटमध्ये असतात. तुमची ओळ त्या कॉमेंटच्या आत राहिली, तर लिहून काही उपयोग नाही! आणि ५ वेळा पासवर्ड चुकला की खातं ३०० सेकंद लॉक होतं. तेवढ्या वेळात बरोबर पासवर्डही चालत नाही, आणि पुन्हा चुकीचा टाकला तर मोजणी परत पहिल्यापासून. म्हणून ५ मिनिटं हात लावू नका, चहा घेऊन या.

४०३ दिसतंय. एकतर रोल दिलेला नाही, किंवा तुम्ही दुसऱ्या कॉम्प्युटरवरून येताय. आजच्या आवृत्त्यांमध्ये मॅनेजर मुळात फक्त त्याच मशीनवरून उघडतो.

इथेच बरेच जण ती अटच काढून टाकतात. पान उघडतं, काम होतं, पण दार मात्र सगळ्या जगाला उघडं राहतं. मॅनेजरमध्ये शिरलेला माणूस तुमच्या सर्व्हरवर हवा तो प्रोग्रॅम चढवून चालवू शकतो. वर पासवर्डही 'ॲडमिन' ठेवला असेल, तर गिऱ्हाइकांचा सगळा हिशेब त्याच्या हातात गेलाच म्हणून समजा. त्यापेक्षा सर्व्हरवरच बसून पान उघडा. बाहेरून लागणारच असेल, तर फक्त तुमच्या ऑफिसचा आयपी त्या यादीत घाला.

आणि हो, फाईल बदलण्याआधी तिची एक कॉपी ठेवा. एका वेळी एकच बदल करा. रिस्टार्ट दुकान बंद झाल्यावर करा, कारण तेवढा वेळ बिलिंगही थांबतं.

चला तर मग, तुमच्या स्क्रीनवर कोणता आकडा दिसतोय ते बघा आणि तिथूनच सुरुवात करा!