टणक लाकूड आणि सुतारी हत्यारे : नगर जिल्ह्यातील कारागिरांनी काय पाहून घ्यावे?

हजरत जकरिया (अलैहिस्सलाम) सुतारकाम करीत असत, असे सहीह मुस्लिममधील हदीसमध्ये आले आहे. हाताच्या कमाईला आपल्या दीनमध्ये किती मान आहे, हे यावरून कळते. अहमदनगर, म्हणजे २०२४ पासूनच्या अहिल्यानगर जिल्ह्यात आपले अनेक बांधव सुतारकाम, फर्निचर, पॉलिश आणि कातकाम यांवर घर चालवतात. कामात ते हुशार आहेत. नुकसान होते ते माल घेताना. आम्ही कापडाचे व्यापारी, पण माल ओळखणे, माप बघणे आणि बिल घेणे या तीन गोष्टी कापडाला लागतात तशाच लाकडालाही लागतात, म्हणून हा विषय मांडत आहोत.

प्रथम एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. आपला जिल्हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रात सर्वांत मोठा असला, तरी बहुतेक तालुके कमी पावसाचे आहेत. दाट जंगल म्हणावे असे ते पश्चिमेला अकोले तालुक्यात, कळसूबाई-हरिश्चंद्रगडाच्या बाजूला, आणि तेही अभयारण्य. तिथून लाकूड मिळण्याचा प्रश्नच नाही. त्यामुळे नगरच्या वखारीत दिसणारे सागवान हे बाहेरून आलेले असते, आणि खरोखर स्थानिक म्हणावे असे टणक लाकूड म्हणजे शेताच्या बांधावरची बाभूळ.

बाभळीला आपले लोक जळण समजतात, हे आम्हाला बरोबर वाटत नाही. नांगर, कुळव, बैलगाडीची चाके, तेलाचा घाणा, मुसळ, हत्यारांचे दांडे हे सर्व पूर्वी बाभळीचेच असे. लोखंडी अवजारे आली, उसाच्या गाड्यांना टायर लागले आणि बाभळीची मागणी गेली. पण लाकूड तेच आहे. आतला तांबूस गाभा सागवानापेक्षा जड आणि चिवट. बाहेरचा पांढरट भाग मात्र किडीचे खाद्य, तो काढूनच टाकावा. जुने मिस्त्री ओंडका काही महिने पाण्यात ठेवत, मग सावलीत वाळवत, आणि त्यानंतरच त्याला हात लावत. आज इतका धीर कोणाला नाही. ओली बाभूळ कापतात, ती फाटते, मग नाव बाभळीचे खराब होते. लाकडी घाण्याच्या तेलाला हल्ली पुन्हा गिऱ्हाईक आहे, दांड्यांना आणि बाकांना आहेच. ज्याच्याकडे वाळवलेली बाभूळ दोन वर्षे पुरेल एवढी आहे, त्याला काम शोधत फिरावे लागणार नाही.

वेडी बाभूळ वाकडी-तिकडी असते, चौकटीच्या कामाची नाही. पण ती फार घट्ट आहे आणि वाळल्यावर कमी हलते, त्यामुळे कातारी कारागिरांनी मुठी, लाटणी अशा लहान वस्तूंसाठी ती करून पाहावी. कडुनिंबाला कीड सहसा लागत नाही. चिंच भयंकर चिवट. मटणाच्या दुकानातला ओंडका चिंचेचाच चांगला, हे आपल्या कुरैशी बांधवांना सांगायला नको. आंबा स्वस्त आहे, पण तो टणक लाकडात धरू नये.

असा माल वखारीत क्वचित मिळतो. तो शेतकऱ्याकडून घ्यावा लागतो. विहीर, रस्ता किंवा घर बांधताना झाडे निघतात. काष्टी, घोडेगाव, लोणी अशा बैलबाजारांना गेले की गावोगावचे शेतकरी भेटतात आणि कोणाकडे काय पडले आहे ते कळते.

आता सागवान. वखारीत ‘सीपी’ हा शब्द ऐकू येतो. इंग्रजांच्या काळातील सेंट्रल प्रॉव्हिन्सेस, म्हणजे आजचा मध्य प्रदेश आणि विदर्भाचा भाग, तिथले सागवान ते सीपी. राज्य गेले, प्रांत गेला, वखारीत नाव राहिले! त्याखेरीज गुजरातकडचे वलसाडी, कर्नाटकातले दांडेली आणि परदेशी माल असतो. ब्रह्मदेशाने १ एप्रिल २०१४ पासून ओंडक्यांची निर्यात बंद केली. त्यानंतर आफ्रिका आणि दक्षिण व मध्य अमेरिकेतले लागवडीचे सागवान बाजारात जास्त दिसू लागले. परदेशी लाकडाचे मोठे ठिकाण म्हणजे कच्छमधील कांडला-गांधीधाम. हे लागवडीचे सागवान खोटे नसते, पण झाड कोवळे असले तर पांढरा भाग जास्त आणि गाभा कमी. ‘बर्मा’ म्हणून कोणी ते जुन्या भावात देत असेल, तर कागद मागावा. चौकटीसाठी ‘मलेशियन साल’ सर्रास वापरतात. ते आपल्याकडचे साल नव्हे, वेगळेच लाकूड आहे. काम चालते, पण सागवानाचे पैसे त्याला देऊ नयेत.

नगरच्या वखारीत मनासारखा माल नसेल, तर पुण्यात भवानी पेठेचा टिंबर मार्केट सव्वाशे किलोमीटरच्या आत आहे. मुंबईत रे रोडच्या वखारी आहेत. वन खात्याचे मोठे डेपो विदर्भात, बल्लारशा, आलापल्ली आणि परतवाडा इथे, जिथे लिलावाने माल विकला जातो. बल्लारशाकडचे सागवान दिल्लीच्या नव्या संसद भवनासाठीही गेले. एकट्या मिस्त्रीला लिलावातला गट झेपत नाही हे खरे. पण चार-पाच जणांनी शिरकतीत घेतला, लिहून-सवरून घेतला, तर मधले दोन हात वाचतात. नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा समृद्धी महामार्ग डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाल्यापासून विदर्भातला माल आपल्या कोपरगाव भागात आणणे पूर्वीइतके अवघड नाही.

लाकूड ओळखण्याची एक सोपी रीत म्हणजे वजन. वाळलेल्या सागवानाचा एक घनफूट साधारण १८ किलो भरतो, बाभळीचा २२-२३ च्या आसपास. सागवान म्हणून दिलेला तुकडा २५ किलोच्या हिशेबाने भरला, तर एक तर तो ओला आहे किंवा सागवान नाही. ताज्या कापलेल्या सागवानाला चामड्यासारखा वास असतो आणि हाताला किंचित तेलकट लागते. पॉलिश मारलेला माल ओळखायच्या भानगडीत पडू नये, तो न घेतलेलाच बरा. कोरे कापड धुतले की आटते, तसे ओले लाकूडही नगरच्या एप्रिल-मेमध्ये आटते, सांधे उघडतात, आणि गिऱ्हाईक मिस्त्रीला बोलते, वखारवाल्याला नाही. फर्निचरसाठी लाकडात १० ते १२ टक्क्यांहून जास्त ओल नसावी. ते मोजायचे छोटे यंत्र मिळते, दोन-तीन मिस्त्रींनी मिळून एक घ्यावे.

आता मापाकडे येऊ. आमच्या मते सर्वांत जास्त पैसा इथेच जातो.

कापडात लांबी वारात की मीटरमध्ये, आणि पन्हा किती, हे दोन प्रश्न विचारल्याशिवाय भाव ठरत नाही. लाकडातही गोल आणि कापीव यांचे माप वेगळे आहे. गोल ओंडक्याचा घेर मोजतात, त्याचा चौथा हिस्सा घेतात, त्याला त्यानेच गुणतात आणि लांबीने गुणतात. समजा घेर ४८ इंच आणि लांबी १० फूट. चौथा हिस्सा १२ इंच, म्हणजे एक फूट. एक गुणिले एक गुणिले दहा, माल झाला १० घनफूट. शाळेतल्या वर्तुळाच्या हिशेबाने मात्र तोच ओंडका १२.७३ घनफूट भरतो. हा फरक साल आणि कापताना निघणाऱ्या पाठ्यांची सूट म्हणून धंद्याने मान्य केला आहे. म्हणून भाव ऐकताना माप कोणते ते विचारावे. चौथ्या हिश्श्याचा भाव सांगून वर्तुळाच्या मापाने बिल केले, तर शंभराच्या मालाला १२७ रुपये पडतात. घेर सालीवरून घेतला की साल काढून, हेही बोलून घ्यावे. आणि ओंडका कापल्यावर हातात साधारण पन्नास ते साठ टक्केच कापीव माल येतो, हा हिशेब आधी करावा.

कापीव मालाचा हिशेब सोपा आहे. रुंदी आणि जाडी इंचात, लांबी फुटात, तिन्हींचा गुणाकार करून १४४ ने भागावे. १२ इंच रुंद, दीड इंच जाड आणि ८ फूट लांब फळी बरोबर एक घनफूट होते. उंबरठ्यासह दाराची चौकट ७ बाय ३ फुटांची असेल, तर २० फूट लाकूड लागते. ४ बाय अडीच इंचाने ते १.३९ घनफूट होते. आता प्रत्येक बाजू दोन सूत कमी निघाली, म्हणजे पावणेचार बाय सव्वादोन, तर माल मिळाला १.१७ घनफूट. शंभरात जवळजवळ सोळा रुपये गेले, आणि डोळ्याला फरक दिसला नाही. रंधा मारल्यावर माल कमी होतो हे सर्वांना माहीत आहे, पण आधीच कमी कापलेल्या मालाचे पूर्ण पैसे का द्यायचे? फूटपट्टी खिशात ठेवावी आणि तिथेच मोजावे. वखारवाला ओळखीचा आहे, आपल्याच मोहल्ल्यातला आहे, म्हणून संकोच करू नये. माप कमी देणाऱ्यांबद्दल सूरह मुतफ्फिफीनमध्ये काय इशारा आहे, हे देणाऱ्या-घेणाऱ्या दोघांनाही ठाऊक आहे.

यानंतर कागद. १२ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन खटल्यात दिलेल्या आदेशापासून देशभरात आरागिरण्यांवर कडक नियंत्रण आले. विनापरवाना गिरणीत कापलेला माल स्वस्त मिळतो, परंतु पकडला गेला तर माल, गाडी आणि कधी कधी हत्यारेही जातात. चोरीचे लाकूड घेतलेला गरीब मिस्त्री सुटण्यासाठी जे खर्च करतो, त्यात पाच वर्षांचा पक्का माल आला असता. म्हणून पक्के बिल घ्यावे, आणि बिलावर लाकडाची जात, माप आणि वखारीचा नंबर असावा. शेतातून झाड घेताना महाराष्ट्राचा १९६४ चा वृक्षतोड नियमन कायदा लक्षात ठेवावा. साग, चिंच, आंबा, फणस, जांभूळ, खैर, चंदन, बिजा, ऐन, अंजन, मोह अशी झाडे स्वतःच्या शेतातली असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. बाभूळ आणि कडुनिंब त्या यादीत नाहीत, परंतु तोडणे वेगळे आणि गाडीत घालून नेणे वेगळे. वाहतुकीच्या पासाबद्दल तालुक्याच्या वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारूनच माल हलवावा. २९ डिसेंबर २०२३ पासून केंद्र सरकारने संपूर्ण देशासाठी ऑनलाइन पासची पद्धत सुरू केली आहे. परराज्यातून माल आणणाऱ्यांनी ती समजून घ्यावी. स्वतःच्या कारखान्यात मोठा आरा बसवण्याआधीही वन खात्याला विचारणे शहाणपणाचे.

आमच्या जमातींसाठी एक गोष्ट इथे मुद्दाम लिहितो. कब्रस्तान आणि दर्ग्यांच्या आवारात जुनी चिंच व निंबाची झाडे असतात. एखादे पडले की चार लोक बसून ते कोणाला तरी देऊन टाकतात. मालमत्ता वक्फची असेल, तर त्या लाकडाची रक्कमही वक्फच्या हिशेबात आली पाहिजे. चिंच यादीत आहे हे वर आलेच, आणि शहर हद्दीत १९७५ चा वेगळा वृक्ष कायदा लागू आहे. मिस्त्रीने असा माल घेताना ट्रस्टचा ठराव आणि पावती मागावी.

हत्यारांबद्दल थोडे. पुण्यात रविवार पेठेतली बोहरी आळी आणि मुंबईत नागदेवी स्ट्रीट ही घाऊक ठिकाणे. तिथे जालंधर, लुधियाना आणि राजस्थानातील नागौरचा माल मिळतो. पक्कड-पेचकसासाठी नाशिकच्या सातपूरची टापरिया आहेच. पण वाकस आणि पटाशी यांबाबतीत चांगल्या लोहाराचा हात कारखान्याला अजून भारी पडतो, असे आम्हाला उस्ताद मिस्त्रींकडूनच ऐकायला मिळते. बाभळीला धार लावताना ती सागवानापेक्षा जरा बोथट कोनात ठेवावी, नाहीतर पात्याचे तुकडे उडतात. पाणी नीट पाजलेले पाते कानशीने सहज घासले जात नाही. दुकानातच एका कडेला कानस लावून बघावी. विजेची यंत्रे घेताना नावापेक्षा नगर किंवा श्रीरामपूर-संगमनेरमध्ये कार्बन ब्रश व आर्मेचर कोण बदलून देतो, हे आधी शोधावे. शंभर-दीडशे रुपयांच्या भागासाठी यंत्र महिनाभर पडून राहिले, तर स्वस्त कसले?

हत्यारांसाठी पैसे नाहीत, अशी तक्रार असते. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेली पीएम विश्वकर्मा योजना २०२७-२८ पर्यंत आहे. तिच्या १८ व्यवसायांत सुतार, लोहार, कुलूप बनवणारे, हातोडी व हत्यार-संच बनवणारे आहेत. नावावरून ही योजना एका समाजाची आहे असे आपल्या लोकांना वाटते. तसे नाही, धर्म किंवा जातीची अट त्यात नाही. वय १८ पूर्ण पाहिजे, कुटुंबातून एकच व्यक्ती, आणि घरात सरकारी नोकरी नसावी. पाच ते सात दिवसांच्या प्रशिक्षणाचे रोज ५०० रुपये मिळतात आणि हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतचे व्हाउचर. त्यापुढे एक लाख आणि नंतर दोन लाखांचे कर्ज ५ टक्के व्याजाने आहे. व्याजाचा प्रश्न असल्याने अनेकजण योजनेकडे पाहतच नाहीत. परंतु व्हाउचर हे अनुदान आहे, कर्ज नव्हे, आणि ते घेणाऱ्याने कर्ज घेतलेच पाहिजे असे बंधन नाही. अर्ज जवळच्या कॉमन सर्व्हिस सेंटरमध्ये होतो. आधार, त्याला जोडलेला मोबाइल, बँकेचे पासबुक आणि रेशनकार्ड बरोबर न्यावे. पहिली तपासणी गावात ग्रामपंचायत आणि शहरात नगरपालिका किंवा महापालिका करते, तेव्हा अर्ज तिथे अडकला तर सरपंच किंवा नगरसेवकाकडे स्वतः जाऊन विचारावे.